इटालियन क्रियापदाचे मूळ रूप : मराठीच्या आधाराने शिकण्याची पद्धत

इटालियन शब्दकोशात कोणतेही क्रियापद शोधले, तर ते बहुधा ‘आरे’, ‘एरे’ किंवा ‘ईरे’ असा शेवट असलेल्या रूपात सापडते. या रूपाला इटालियनमध्ये ‘इन्फिनीतो’ म्हणतात. आपल्या शब्दकोशांतही क्रियापदे ‘करणे’, ‘बोलणे’ अशी णे लावून दिलेली असतात, त्यामुळे इन्फिनीतो म्हणजे आपले णे-रूप, अशी समजूत पहिल्याच आठवड्यात होते. ही समजूत अर्धीच खरी आहे आणि तिच्यामुळे माझे जवळजवळ एक वर्ष वाया गेले.

मी पुण्यात इटालियन शिकायला सुरुवात केली तेव्हा शिकवणे इंग्रजीतून होते. इंग्रजीत क्रियापदापूर्वी बहुधा ‘टू’ हा एकच शब्द येतो. इटालियनमध्ये मात्र त्या जागी कधी ‘आ’ येतो, कधी ‘दी’, कधी ‘दा’, तर कधी काहीच येत नाही. कुठे काय येते याच्या लांबलचक याद्या मी पाठ केल्या आणि विसरले. पुढे इटलीतल्या बोलोन्या शहरात राहायला गेल्यावर, रोजच्या बोलण्यातली वाक्ये मनात मराठीत आणून पाहू लागले, तेव्हा लक्षात आले की इंग्रजी जो भेद दाखवत नाही, तो मराठी रोज दाखवते. करणे, करू, करायला, करण्याचा, करायचे, करावे ही सगळी रूपे आपण न चुकता वापरतो. इटालियन हीच कामे एका इन्फिनीतोकडून करून घेते आणि भेद दाखवण्यासाठी त्याच्यापूर्वी छोटा शब्द ठेवते. हा लेख त्याच वाटेने जातो. ज्यांना क्रियापदांची वर्तमानकाळातली रूपे थोडीफार येतात आणि आता पूर्ण वाक्ये बोलायची आहेत, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे.

सुरुवातीला जवळ काय असावे

- एक जाड वही. तिची चार पाने वेगळी ठेवावीत आणि त्यांना ‘काही नाही’, ‘आ’, ‘दी’, ‘दा’ अशी नावे द्यावीत.
- आघात (शब्द म्हणताना एका अक्षरावर पडणारा जोर) दाखवणारा इटालियन–इटालियन शब्दकोश. त्रेक्कानी या संस्थेचा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो.
- रोज वापरात येणाऱ्या साठ-सत्तर क्रियापदांची स्वतः तयार केलेली यादी. दुसऱ्याची यादी वापरू नये, कारण आपल्याला लागणारी क्रियापदे आपल्या कामावर अवलंबून असतात.

लेखातले इटालियन शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. त्यांतला ‘च’ नेहमी ‘चहा’मधला, ‘चमचा’मधला कधीच नाही. ‘ज’चेही तसेच आहे, म्हणूनच ‘खाणे’ या अर्थाचा शब्द मी ‘मांज्यारे’ असा लिहिला आहे. इटालियनचे त आणि द मात्र आपल्याच त-द सारखे दंत्य असल्याने त्यांची चिंता करू नये. रोमन लिपीतले स्पेलिंग शब्दकोशात पाहून वहीत उतरवून घ्यावे.

१. तीन गट ओळखा

पार्लारे (बोलणे), स्क्रीव्हेरे (लिहिणे) आणि दोर्मीरे (झोपणे) ही तीन क्रियापदे तीन गटांची उदाहरणे म्हणून पुरेशी आहेत. पहिला गट सर्वांत मोठा आहे, आणि भाषेत नव्याने येणारी क्रियापदेही जवळजवळ सगळी त्यातच जातात. क्लिक करणे म्हणजे ‘क्लिक्कारे’. तिसऱ्या गटात एक अडचण आहे. दोर्मीरेचे ‘मी झोपतो’ हे रूप ‘दोर्मो’ होते, पण कापीरेचे (समजणे) ‘कापिस्को’ होते. मूळ रूपाकडे पाहून हा फरक कळत नाही, म्हणून ईरेने संपणारे प्रत्येक क्रियापद वहीत लिहिताना शेजारी ‘मी’चे रूपही लिहावे.

२. आघात कुठे पडतो ते प्रत्येक वेळी पाहा

आरे आणि ईरे या गटांत आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो: पार्लारेमध्ये ‘ला’वर, दोर्मीरेमध्ये ‘मी’वर. एरे गटात मात्र दोन प्रकार आहेत. व्हेदेरे (पाहणे) या शब्दात आघात ‘दे’वर आहे, तर स्क्रीव्हेरेमध्ये तो पहिल्या ‘स्क्री’वर आहे. याचे कारण जुने आहे. लॅटिनमध्ये क्रियापदांचे चार गट होते. त्यांपैकी दोघांचा शेवट एकसारखाच दिसे, पण एकात ‘ए’ दीर्घ होता आणि दुसऱ्यात ऱ्हस्व. इटालियनमध्ये हे दोन गट एकत्र झाले, तरी बहुतेक क्रियापदांत आघाताच्या जागा बदलल्या नाहीत. लिहिताना आघात दाखवत नाहीत, त्यामुळे वाचून शिकणारा हमखास चुकतो. सापेरे (माहीत असणे), आव्हेरे (जवळ असणे), पोतेरे (शकणे), दोव्हेरे (लागणे, भाग असणे), व्होलेरे (हवे असणे), तेनेरे (धरणे), कादेरे (पडणे), प्याचेरे (आवडणे) ही व्हेदेरेसारखी म्हणावीत. प्रेन्देरे (घेणे), लेज्जेरे (वाचणे), मेत्तेरे (ठेवणे), क्युदेरे (बंद करणे) ही स्क्रीव्हेरेसारखी.

३. आखडलेली रूपे वेगळी लिहून ठेवा

फारे (करणे), दीरे (सांगणे), बेरे (पिणे), पोर्रे (ठेवणे, मांडणे) आणि त्रादुर्रे (भाषांतर करणे) ही लॅटिनमधल्या लांब रूपांची आखडलेली रूपे आहेत. फारेचे मूळ ‘फाकेरे’ होते आणि पोर्रेचे ‘पोनेरे’. गळालेली अक्षरे भूतकाळात परत दिसतात: ‘मी करत असे’ म्हणजे फाचेव्हो, ‘मी सांगत असे’ म्हणजे दिचेव्हो, ‘मी पीत असे’ म्हणजे बेव्हेव्हो. पोर्रे आणि त्रादुर्रे यांची मोठी कुटुंबे आहेत. प्रोपोर्रे (सुचवणे), कोंपोर्रे (रचणे), प्रोदुर्रे (निर्माण करणे), रिदुर्रे (कमी करणे) ही सगळी त्यांच्याप्रमाणेच चालतात.

४. जिथे मधे काहीच येत नाही

मराठीत ‘शकणे’ आणि ‘देणे’ यांच्यापूर्वी ‘करू’सारखे रूप येते. तिथे इटालियनमध्ये नुसते इन्फिनीतो ठेवावे. ‘मी येऊ शकते’ म्हणजे पोस्सो व्हेनीरे. ‘मला बोलू दे’ म्हणजे लाशामी पार्लारे. वाक्याचा कर्ता म्हणून णे-रूप येते तिथेही असेच होते. ‘समजणे कठीण आहे’ म्हणजे ए दिफ्फीचिले कापीरे. ‘धूम्रपान करण्यास मनाई’ ही सगळीकडे दिसणारी पाटी तिकडे व्हिएतातो फुमारे अशी असते.

‘मला जायचे आहे’ (व्होल्यो आंदारे) आणि ‘मला जायला हवे’ (देव्हो आंदारे) यांतही मधे काही येत नाही. ‘मला पोहता येते’ यासाठी सापेरे वापरतात: सो नुओतारे. पोतेरे आणि सापेरे यांत मराठी माणसाने गोंधळायचे कारणच नाही. ‘पोहता येते’ तिथे सापेरे आणि ‘पोहू शकतो’ तिथे पोतेरे, इतका तो भेद आपल्याकडे स्वच्छ आहे. पाण्यात उतरायला परवानगी आहे की नाही हा प्रश्न असेल, तर पोस्सो नुओतारे.

‘काय करावे कळत नाही’ यातल्या ‘करावे’च्या जागीही नुसते इन्फिनीतो येते: नोन सो कोझा फारे. ‘कुठे जावे’, ‘कसे सांगावे’ यांचेही तसेच.

५. आ, दी आणि दा : मराठी रूप पाहून अंदाज बांधा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण बोलताना अडखळायला होते ते इथेच.

मराठी वाक्यात ‘-यला’ असेल, तर इटालियनमध्ये बहुधा ‘आ’ येतो. बोलायला शिकणे म्हणजे इंपारारे आ पार्लारे. पोहायला शिकवणे म्हणजे इन्सेन्यारे आ नुओतारे. काम करायला लागणे म्हणजे कोमिंच्यारे आ लाव्होरारे, आणि उचलायला मदत करणे म्हणजे आयुतारे आ सोल्लेव्हारे. ‘मी जेवायला जाते’ हे व्हादो आ मांज्यारे. एखाद्या कृतीकडे वळणे, तिच्या दिशेने जाणे हा भाव ‘-यला’मध्ये आहे आणि तोच ‘आ’मध्येही आहे.

मराठी वाक्यात ‘-ण्याचा’, ‘-ण्याची’, ‘-ण्याचे’ असे षष्ठीचे रूप असेल, तर ‘दी’ येतो. निघण्याचा निर्णय घेतला: ओ देचीझो दी पार्तीरे. समजून घेण्याचा प्रयत्न करते: चेर्को दी कापीरे. झोपण्याची गरज आहे: ओ बिझोन्यो दी दोर्मीरे. लवकर परतण्याची आशा आहे: स्पेरो दी तोर्नारे प्रेस्तो. चुकण्याची भीती वाटते: ओ पाउरा दी झ्बाल्यारे. ‘दी’ हा नामांच्या बाबतीतही ‘चा-ची-चे’चेच काम करतो, त्यामुळे ही जुळणी योगायोगाची नाही.

मराठीत ‘करायचे’ हे रूप नामाला चिकटून आले, म्हणजे ‘वाचायचे पुस्तक’, ‘करायची कामे’ असे असले, तर ‘दा’ येतो: उन लीब्रो दा लेज्जेरे, कोझे दा फारे. ‘प्यायला काहीतरी’ हे मात्र यलाचे रूप असूनही क्वाल्कोसा दा बेरे असे होते, कारण तिथे पिणे हे त्या वस्तूला लावलेले विशेषण आहे. या ‘दा’चा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे पुढची जोडी. ‘हे समजणे कठीण आहे’ म्हणजे ए दिफ्फीचिले कापीरे क्वेस्तो, आणि ‘हे समजायला कठीण आहे’ म्हणजे क्वेस्तो ए दिफ्फीचिले दा कापीरे. दोन्ही भाषांत एकाच जागी रूप बदलते. ही जोडी पहिल्यांदा शेजारी-शेजारी लिहिली, तेव्हा इटालियन व्याकरण मला परके वाटेनासे झाले.

उद्देश सांगायचा असेल तर ‘-ण्यासाठी’ म्हणजे ‘पेर’. शिकण्यासाठी आले आहे: सोनो व्हेनूता पेर स्तुद्यारे. ‘न बोलता’ म्हणजे सेन्त्सा पार्लारे आणि ‘जाण्याऐवजी’ म्हणजे इन्व्हेचे दी आंदारे.

६. मराठी जिथे फसवते त्या जागा

वरची जुळणी अंदाज बांधण्यासाठी आहे. काही नेहमीची क्रियापदे तिला जुमानत नाहीत आणि ती लाल शाईने लिहून ठेवावीत.

‘यायला सांगितले’, ‘थांबायला सांगितले’ यांत यलाचे रूप असले, तरी दीरे आणि क्येदेरे (विनंती करणे, विचारणे) यांच्यानंतर ‘दी’ येतो: ल्यी ओ देत्तो दी व्हेनीरे, मी त्याला यायला सांगितले. ‘दूध आणायला विसरले’ हेही तसेच: ओ दिमेन्तिकातो दी कोंप्रारे इल लात्ते.

‘मला वाचायला आवडते’ यात ‘आ’ घालण्याचा मोह फार होतो, पण मी प्याचे लेज्जेरे असे नुसतेच म्हणावे. या क्रियापदाची बाकी ठेवण मात्र हुबेहूब आपली आहे: इटालियन ‘मी’ म्हणजे ‘मला’ आणि जे आवडते तो कर्ता. ‘मला थांबायला लावले’ यातही ‘आ’ नाही: मी आ फात्तो आस्पेत्तारे. (यातला ‘आ’ हा ‘आव्हेरे’चे रूप आहे, छोटा शब्द नव्हे.) त्याच धर्तीवर ‘सायकल दुरुस्त करून घेते’ म्हणजे फाच्च्यो रिपारारे ला बिचिक्लेत्ता.

रिउशीरे (जमणे), प्रोव्हारे (करून पाहणे) आणि कोन्तिनुआरे (करत राहणे) यांच्यापूर्वी मराठीत यलाचे रूप नेहमी येत नाही, तरीही इटालियनमध्ये ‘आ’ लागतो. स्मेत्तेरे (थांबवणे) आणि फिनीरे (संपवणे) यांना ‘दी’ लागतो. ‘पाऊस पडायचा थांबत नाही’ म्हणजे नोन स्मेत्ते दी प्योव्हेरे. सुरू करणाऱ्या आणि चालू ठेवणाऱ्या क्रियापदांना ‘आ’, थांबवणाऱ्यांना ‘दी’, अशी खूणगाठ मी बांधली होती आणि ती आजवर उपयोगी पडली आहे.

७. ‘करू नकोस’ म्हणताना

‘बोल’ म्हणजे पार्ला. ‘बोलू नकोस’ म्हणजे नोन पार्लारे. आज्ञार्थाचे रूप सोडून नकारात एकदम इन्फिनीतो का येते, असे इंग्रजीतून शिकणाऱ्याला वाटते. आपणही ‘बोल नकोस’ म्हणत नाही, ‘बोलू नकोस’ म्हणतो.

पण हे फक्त ‘तू’साठी आहे. अनेकांना उद्देशून नोन पार्लाते म्हणावे लागते आणि आदरार्थी एका व्यक्तीला नोन पार्ली. बोलोन्यातल्या एका भाजीच्या दुकानात टोमॅटोंच्या पेटीवर हाताने लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी होती: सी प्रेगा दी नोन तोक्कारे ला फ्रुत्ता, म्हणजे फळांना हात न लावण्याची विनंती. ‘-ण्याची’ आणि ‘दी’ इथेही बरोबर जुळतात, आणि नकाराचा ‘नोन’ आपल्या ‘न’सारखाच क्रियापदाच्या आधी बसतो. एका लहान मुलाने तरी हात पुढे केलाच, तेव्हा दुकानदारीणबाई त्याला म्हणाल्या, “नोन तोक्कारे!” थोड्या वेळाने मी पिशवी हातात न घेता एक पेअर उचलायला गेले, तर त्याच बाई मला म्हणाल्या, “नोन तोक्की, सिन्योरा.” हात लावू नकोस आणि हात लावू नका यांतला फरक त्या दिवशी पक्का झाला. त्याआधी मी जिन्यात भेटणाऱ्या वृद्ध शेजारीणबाईंना कित्येकदा नोन आस्पेत्तारे, म्हणजे ‘थांबू नकोस’, असे म्हटले होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या वयाच्या व्यक्तीला नोन आस्पेत्ती असेच म्हणायला हवे होते.

८. आधी आणि नंतर

जेवण्यापूर्वी: प्रीमा दी मांज्यारे. जेवल्यानंतर: दोपो आव्हेर मांज्यातो. ‘पूर्वी’ला आपण ‘जेवण्या-’ म्हणतो आणि ‘नंतर’ला ‘जेवल्या-’, कारण दुसऱ्या वेळी कृती पूर्ण झालेली असते. इटालियनही तिथे भूतकाळी इन्फिनीतो वापरते. ते आव्हेरे किंवा एस्सेरे (असणे) यांना भूतकाळवाचक रूप जोडून होते. ‘फोन केल्याबद्दल आभार’ यातही ‘केल्या-’ आहे, म्हणून ग्रात्स्ये पेर आव्हेर क्यामातो. जाणे-येणे दाखवणाऱ्या क्रियापदांना एस्सेरे लागते आणि मग लिंग-वचन जुळवावे लागते. स्त्रीने ‘पोहोचल्यानंतर’ म्हणायचे तर दोपो एस्सेरे आर्रिव्हाता.

९. कर्ता बदलला की इन्फिनीतो सोडा

‘मला जायचे आहे’ यात इच्छा करणारा आणि जाणारा एकच, म्हणून व्होल्यो आंदारे. ‘तू जावेस अशी माझी इच्छा आहे’ यात दोघे वेगळे आहेत. तिथे व्होल्यो के तू व्हादा असे वेगळे उपवाक्य करावे लागते. मराठीतही ‘जायचे’चे ‘जावेस’ झाले, त्यामुळे ही खूण लगेच ओळखू येते.

‘पूर्वी’च्या बाबतीत मात्र मराठी सैल आहे. ‘पाऊस येण्यापूर्वी आपण घरी जाऊ’ हे आपल्याकडे शुद्ध वाक्य आहे, पण येणारा पाऊस आहे आणि जाणारे आपण. इटालियनमध्ये प्रीमा दी चालणार नाही, प्रीमा के प्योव्हा म्हणावे लागेल. परीक्षेच्या लेखी भागात ही चूक फार होते. पेरूज्या आणि स्येना येथील परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठांच्या चेली आणि चिल्स या परीक्षा देणाऱ्यांनी ‘पूर्वी’, ‘साठी’ आणि ‘न करता’ असलेल्या प्रत्येक वाक्यात दोन्ही कर्ते बोटाने दाखवून पाहावेत.

१०. सर्वनाम शेवटी जोडा

इन्फिनीतोचा शेवटचा ‘ए’ गाळून सर्वनाम चिकटवतात. व्हेदेरे आणि लो मिळून व्हेदेर्लो (त्याला पाहणे), दीरे आणि मी मिळून दीर्मी (मला सांगणे). त्रादुर्रेसारख्या रूपांत ‘र’ एकच उरतो: त्रादुर्लो. शब्दकोशात आल्त्सार्सी (उठणे) असे ‘सी’ने संपणारे क्रियापद दिसले, तर तो ‘सी’ व्यक्तीप्रमाणे बदलावा लागतो. ‘मला उठायला हवे’ म्हणजे देव्हो आल्त्सार्मी, किंवा सर्वनाम पुढे नेऊन मी देव्हो आल्त्सारे. दोन्ही बरोबर आहेत, पण सर्वनाम दोन्हीकडे ठेवू नये.

११. पाकिटे आणि पाट्या वाचा

सूचना देताना मराठी ‘-वे’चे रूप वापरते: ढवळावे, शिजवावे, ठेवावे. इटालियनमध्ये तिथे नुसते इन्फिनीतो येते. त्यामुळे स्वयंपाकघर ही सरावाची उत्तम जागा आहे. पास्ताच्या पाकिटावर कुओचेरे पेर दिएची मिनूती (दहा मिनिटे शिजवावे) असते. औषधाच्या बाटलीवर आजितारे प्रीमा देल्लूझो (वापरण्यापूर्वी हलवावे) असते, आणि बिस्किटांच्या पुड्यावर कोन्सेर्व्हारे इन लुओगो फ्रेस्को ए आश्युत्तो (थंड व कोरड्या जागी ठेवावे). दारावरचे स्पिन्जेरे (ढकला) आणि तिरारे (ओढा) हीही इन्फिनीतोच आहेत. भारतात राहून शिकणाऱ्यांनी किराणा दुकानातल्या आयात केलेल्या पास्त्याची पाकिटे वाचावीत. रोज अशी तीन वाक्ये वहीत उतरवावीत, त्यांचे आपल्या रोजच्या मराठीत भाषांतर करावे आणि दुसऱ्या दिवशी मूळ न पाहता त्या मराठीवरून पुन्हा इटालियन लिहावे. जिथे चुकाल तो छोटा शब्द वहीच्या चार पानांपैकी योग्य पानावर जाईल. माझ्या वहीत ‘दी’चे पान सर्वांत आधी भरले आणि ‘दा’चे अजूनही अर्धे रिकामे आहे.